जास्तीची नळी

वाघचौऱ्यांच्या घरात निर्णय आधी होत आणि त्यांची कारणं नंतर शोधली जात. त्यामुळे शनिवारी दुपारी तनुजा पॉलिटेक्निकमधून घरी आली, तेव्हा आप्पासाहेबांनी नळी कापून टाकलेली होती आणि ती कापणं किती गरजेचं होतं हे सांगायला घरातली तीन माणसं गॅरेजात तयार उभी होती.

आप्पासाहेब लाल गाडीच्या उघड्या बॉनेटशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर बायकोचा, सरूबाईंचा, पितळी अडकित्ता होता. पायाशी, सापाच्या कातेसारखं, हातभर लांबीचं तांब्याच्या नळीचं वेटोळं पडलं होतं.

"बघ," ते सुनेला म्हणाले, "किती साफसूफ दिसायलंय आता."

तनुजानं बघितलं. इंजिनापासून डॅशबोर्डाच्या तबकडीपर्यंत दोन नळ्या जात होत्या. एक शाबूत होती. दुसरीची दोन टोकं आप्पासाहेबांनी एकमेकांना भिडवून त्यांच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी नीट गुंडाळली होती, हे मान्य करायला हवं. ती धरून द्यायचं काम आप्पासाहेबांच्या धाकट्या भावानं, बद्रीनाथकाकांनी, केलं होतं आणि तिचं शेवटचं टोक दातानं तोडायचा मान तनुजाच्या नवऱ्याला, सत्यमला, मिळाला होता.

तीन महिने ती आणि मोहियोद्दीन मिस्त्री या दोन नळ्यांच्या मागं होते. आप्पासाहेबांच्या वडिलांनी, नानासाहेबांनी, हैदराबादहून आणलेली ही दोन सीटची, उघड्या टपाची इंग्रजी गाडी. नानासाहेब गेले, त्यांच्या मुलांचे केस पिकले, आणि गाडीच्या तबकडीतले दोन्ही काटे मात्र झोपूनच राहिले. वरचा काटा तेलाचा दाब सांगायचा, खालचा पाण्याचं तापमान. तेलाची नळी साधी: इंजिनातलं तेलच दाबानं तबकडीपर्यंत येतं. तिच्या जोडाचे तांब्याचे वॉशर तनुजानं स्वयंपाकघरातल्या गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवले होते, म्हणजे ते मऊ होऊन घट्ट बसतात. सरूबाईंनी तेव्हा विचारलं होतं, भाजी कुठली. पण जोडातून आजतागायत तेलाचा थेंब गळला नव्हता, आणि त्या दिवसापासून मोहियोद्दीन तिला सूनबाई म्हणायचे ते मॅडम म्हणू लागले.

तापमानाची नळी वेगळी. ती तबकडीला जन्मापासून जोडलेली असते, दुसऱ्या टोकाला बोटाएवढा फुगा, आणि आत थोडं ईथर कोंडलेलं. फुगा तापला की ईथरची वाफ होते आणि ती काटा ढकलते. ही नळी कापायची नसते, जोडायची तर नसतेच. पुण्याच्या एका कारागिरानं ईथर भरून ती परत धाडायला सात आठवडे घेतले होते. तनुजानं फुगा चहाच्या पातेल्यात उकळून पाहिला होता. या शहरात पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं, आणि काटा बरोबर अठ्ठ्याण्णववर थांबला होता. जास्तीची लांबी तिनं दोन वेटोळी करून मोकळी सोडली, कारण इंजिन हलतं आणि डॅशबोर्ड हलत नाही.

तीच दोन वेटोळी आप्पासाहेबांच्या डोळ्यांत खुपली. उद्या रविवारी त्यांचा अमृतमहोत्सव. फोटोग्राफर उघड्या बॉनेटचा फोटो काढणार होता, आणि त्यात अशी लोंबणारी तार म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या शिस्तीला बट्टा.

तनुजानं हे सगळं सावकाश सांगितलं, वर्गात सांगते तसं. आप्पासाहेबांनी ते ऐकून घेतलं, वर्गातली मुलं ऐकतात तसं.

"कापताना कसला वास आला का?" तिनं विचारलं.

"दवाखान्यासारखा," दारातून सरूबाई म्हणाल्या. "मला वाटलं ह्यांनी नवं अत्तर लावलं."

बद्रीनाथकाका म्हणाले की बारीकसारीक वासावरून यंत्राचं ठरवत नसतात. सत्यम म्हणाला, काटा तर बघ, किती खाली आहे, इंजिन एकदम थंड. काटा खरोखर खाली होता, तिसावर. त्याच्याखाली आकडेच नव्हते.

"आज बाहेर एक्केचाळीस आहे," तनुजा म्हणाली. "गॅरेजात चाळीस तरी असेल. मग इंजिन तीसवर कसं?"

आप्पासाहेबांनी क्षणभर विचार केला.

"सावलीत आहे ना ते," ते म्हणाले.

यावर काकांनी मान हलवली. सत्यमनंही हलवली, पण तनुजाकडं न बघता. ती मान का हलली हे तिला ठाऊक होतं. उद्या मिरवणुकीनंतर सभागृहात आप्पासाहेब जाहीर करणार होते की गाडी पुढं कोणाच्या घरी राहील: सत्यमच्या की बद्रीनाथच्या. महिनाभर काका आणि पुतण्या दोघंही आप्पासाहेबांच्या प्रत्येक वाक्याला जरा लवकरच होकार देत होते, आणि ज्याचा होकार आधी पोचे त्याचा दिवस चांगला जाई.

सत्यमनं तिला अंगणात नेलं. एका दिवसाचा प्रश्न आहे, तो म्हणाला. सोमवारी पाहिजे तर नळी परत पुण्याला पाठव. तिनं सांगितलं की गाडी नुसती गेली तर ठीक, पण ती बँडच्या मागं, माणसाच्या चालीनं, उस्मानपुऱ्यातून क्रांती चौक, पैठण गेट करत गुलमंडीपर्यंत जाणार आहे. रेडिएटरला वारा मिळणार नाही. पाणी उकळेल आणि कोणाला कळणार नाही.

"काटा तर खालीच राहणार ना," सत्यम म्हणाला. "मग काळजी कशाची?"

तो हे गंभीरपणे म्हणाला. सतरा वर्षांच्या संसारात तनुजानं त्याला विनोद करताना फारसं पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मोहियोद्दीन मिस्त्री आले. त्यांचे वडील या गाडीबरोबरच हैदराबादहून आले होते, ड्रायव्हर म्हणून, आणि परत गेले नाहीत. मोहियोद्दीन तिच्याखाली पाठीवर पडूनच धंदा शिकले. त्यांनी बॉनेटमध्ये वाकून चिकटपट्टीवरून एक बोट फिरवलं. मग तनुजाकडं पाहिलं, मग जमिनीवरच्या वेटोळ्याकडं.

"हात साफ आहे आप्पासाहेबांचा," ते म्हणाले.

आप्पासाहेब खूश झाले. मिस्त्रींनी हळूच सुचवलं की गाडी बँडच्या पुढं ठेवली, जरा जोरात पुढं जाऊन थांबली, परत जोरात गेली, तर तिला हवा लागेल. आप्पासाहेबांनी विचारलं, सत्कारमूर्ती बँडच्या पुढं पळतो का. मिस्त्री म्हणाले, नाही पळत. मग मी पाण्याचा कॅन घेऊन बाजूनं चालतो. आप्पासाहेबांनी परवानगी दिली. कॅन फोटोत येता कामा नये, एवढीच अट घातली.

तनुजा त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. तुम्ही तरी सांगायचं होतं, ती म्हणाली.

"मॅडम, पंचाहत्तरीच्या आदल्या दिवशी कोण सांगंल? घरचे नाय सांगायले, मी तर मिस्त्री." त्यांनी स्कूटरचा स्टँड काढला. "एक मात्र लक्षात घ्या. उद्या काही झालं तर अडकित्त्याचं नाव निघणार नाय. माझं निघंल. माझ्या शेडमधी लोकांच्या चार जुन्या गाड्या उभ्या आहेत. त्या माझ्या नावाच्या भरवशावर ठेवल्यात लोकांनी, दुसरं माझ्याजवळ काय आहे?"

स्कूटर गेली. तनुजा फाटकाशी उभी राहिली. आतून काकांचा आवाज येत होता. ते कोणाला तरी फोनवर सांगत होते की गाडीची वायरिंग दादांनी स्वतः सरळ केली.

रविवारी सकाळी नऊला चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला आणि दुसऱ्या सीटचा प्रश्न उभा राहिला. गाडीत दोनच माणसं मावतात ही गोष्ट साठ वर्षं सगळ्यांना माहीत होती, पण तिचा अर्थ त्या सकाळी कळला. बद्रीनाथकाका फेटा बांधून दाराशीच उभे होते. त्यांचं म्हणणं, लहानपणी दादाच्या शेजारी तेच बसायचे. सत्यमचं म्हणणं, वडिलांच्या शेजारी मुलगा शोभतो. काकांची बायको, काकू, म्हणाल्या, ह्यांना उन्हाचा त्रास होतो, पायी चालवणार नाही. सत्यम म्हणाला, मग घरीच थांबा. हे बोलणं हसत हसत चाललं होतं, सगळ्यांचे दात दिसत होते.

तेवढ्यात सरूबाई आल्या, दार उघडलं आणि बसल्या. त्यांनी पानाचा डबा मांडीवर घेतला आणि समोर बघू लागल्या. त्यांना कोणी उठा म्हणू शकत नव्हतं, आणि त्या बसल्यामुळं कोणीच जिंकलं नव्हतं, म्हणून दोन्ही बाजू एकदम समाधानी झाल्या.

तनुजा ड्रायव्हरच्या बाजूनं चालली. गाडीचं दार कमरेएवढंही उंच नव्हतं. तिथून तबकडी स्वच्छ दिसत होती. पलीकडच्या बाजूनं मोहियोद्दीन, कॅन लेंग्याच्या आड धरून.

क्रांती चौकापर्यंत तेलाचा काटा चाळीसवर होता. खालचा काटा तिसावर. आप्पासाहेब एका हातानं चक्र धरून दुसऱ्या हातानं नमस्कार करत होते. चौकात सिग्नलला बँडनं एक अख्खं गाणं वाजवलं आणि गाडी तेवढा वेळ जागच्या जागी गुरगुरत राहिली. चौक ओलांडला तेव्हा वरचा काटा तीसवर आला होता.

तनुजाला खालच्या काट्याची गरज नव्हती. तेल तापलं की पातळ होतं, पातळ झालं की दाब उतरतो. एक नळी मुकी केली तरी दुसरी बोलत होती. अडकित्त्यातून ती वाचली, कारण ती आधीपासूनच आखूड होती.

"आप्पा, दाब उतरतोय. दहा मिनिटं थांबवा."

आप्पासाहेबांनी नमस्कार न थांबवता हनुवटीनं खालचा काटा दाखवला. थंडगार आहे, ते म्हणाले.

पैठण गेटाशी दाब पंचवीस झाला. गर्दी दाटली, बँडवाले आणखी हळू झाले. कापडाच्या दुकानांतून माणसं पायऱ्यांवर आली होती. याचसाठी हा रस्ता निवडला होता. नानासाहेब याच गाडीतून याच दुकानांसमोरून जात आणि दुकानदार उभे राहत, असं घरात सांगितलं जाई. दुकानदार आता मोबाइल वर धरून उभे होते. बॉनेटच्या फटीतून गरम लोखंडाचा वास येऊ लागला होता. सरूबाईंनी नाकाला पदर लावला. पलीकडून मोहियोद्दीननं तनुजाकडं पाहून हाताची पाचही बोटं मिटली: बंद करा. तिनं दुसऱ्यांदा सांगितलं. सत्यम मागून आला आणि तिच्या कोपराला धरून म्हणाला, आता नको, कॅमेरा आहे.

वीस. मग पंधरा. पंधराच्या खाली चालवायची नाही, असं तिनं आणि मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. त्याखाली बेअरिंगला तेल पोचत नाही, आणि या इंजिनाची बेअरिंगं आता कुठंच मिळत नाहीत.

काटा दहाकडं निघाला. तनुजानं कोपर सोडवून घेतलं, दारावरून आत वाकली आणि आप्पासाहेबांच्या नमस्काराच्या हाताखालून किल्ली फिरवली.

इंजिन बंद पडलं. पुढं बँड वाजत गेला, पन्नास पावलं, मग शेवटच्या ढोलवाल्यानं वळून पाहिलं. इंजिन गप्प झाल्यावर दुसरा आवाज सगळ्यांना ऐकू आला: रेडिएटरमध्ये पाणी खळखळत होतं, घरात भात शिजावा तसं. मग रेडिएटरच्या खालच्या नळीतून वाफ आणि गढूळ पाणी रस्त्यावर आलं. मोहियोद्दीननं ओलं पोतं बॉनेटवर टाकलं आणि पुढं आलेल्या फोटोग्राफरला झाकण उघडू नको म्हणून हातानंच मागं ढकललं. आणखी दोन मिनिटं चालली असती तर इंजिन गेलंच होतं, ते म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही.

आप्पासाहेब उतरले नाहीत. चक्रावर हात तसाच ठेवून त्यांनी सुनेकडं पाहिलं.

"चालती गाडी बंद केलीस," ते म्हणाले. "चार लोकांत."

मग त्यांची नजर पोत्यावर गेली, पोत्यावरून मिस्त्रींवर. त्यांचा चेहरा निवळला. योग्य माणूस सापडला होता.

"मोहियोद्दीन, बापासारखं काम राहिलं नाय तुझं. काटा तीस दाखवायला, आणि आत पाणी उकळायलं. कसलं यंत्र बसवलं तू हे?"

आजूबाजूच्या पायऱ्यांवर लोक ऐकत होते. त्यांतल्या दोघांच्या गाड्या मिस्त्रींच्या शेडमध्ये होत्या. मोहियोद्दीन कॅनचं झाकण लावत होते. त्यांनी ते लावलं, परत काढलं, परत लावलं. काका म्हणाले, मी आधीपासून म्हणत होतो. सत्यम तनुजाच्या कानाशी म्हणाला, एक शब्द बोललीस तर गाडी गेली आपल्या हातून.

तनुजानं चष्मा काढून पुसला. वाफेनं काही दिसत नव्हतं.

"मिस्त्रींनी यंत्र बरोबर बसवलं होतं," ती म्हणाली. आवाज नेहमीएवढाच होता, पण बँड थांबल्यामुळं तो दुकानांपर्यंत गेला. "ती नळी तुम्ही काल दुपारी अडकित्त्यानं कापली, आप्पा. त्यानंतर तो काटा काहीच दाखवत नाही."

 मग आप्पासाहेब सत्यमला म्हणाले, तुझ्या घरात गाडी चालणार नाही, तुझ्या घरात गाडी बंद करणारं माणूस आहे. त्यांनी किल्ली काढून बद्रीनाथच्या तळहातावर ठेवली. सभागृहापर्यंत थांबायची गरज त्यांना वाटली नाही.

सत्यमनं फेटा काढला, बँडच्या दिशेनं चालू लागला आणि वळून पाहिलं नाही.

बद्रीनाथकाकांनी किल्ली मुठीत घट्ट धरली. महिनाभराच्या होकारांचं फळ हाती आलं होतं, आणि ते भर रस्त्यात वाफ सोडत उभं होतं. मागं रिक्षांचे हॉर्न सुरू झाले होते. काकांनी मोहियोद्दीनला सांगितलं, मिस्त्री, उचला, गुलमंडीमागच्या शेडमध्ये न्या, काय लागेल ते करा.

"नाय," मोहियोद्दीन म्हणाले.

हा शब्द त्या घरानं त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. काकांना वाटलं, गोंगाटात नीट ऐकू आलं नाही.

"मी हात लावणार नाय, काका. माझ्या हातानं बिघडलेली गाडी मी कशी दुरुस्त करू? लोक ऐकायलेत इथं. कोणाच्या हातानं बिघडली ते आप्पासाहेबांनी सांगावं, मग नेतो."

बद्रीनाथकाका एका गाडीचे मालक होऊन चार मिनिटं झाली होती. चार मिनिटांत त्यांना बरंच आठवलं. ते मोठ्यानं म्हणाले की काल त्यांना खरं तर शंका आली होती. दादांना अडवावं असं मनात होतं. पट्टी धरली, ती केवळ मोठ्यांचा मान म्हणून. काकूंनीही आठवून सांगितलं की कापताना वाईट वास आला होता, त्यांनी तेव्हाच ओळखलं. बघता बघता असं दिसलं की काल गॅरेजात आप्पासाहेब सोडून प्रत्येकालाच नळी कापायची नसते हे माहीत होतं.

आप्पासाहेब एकएका तोंडाकडं बघत गेले. शेवटी शेजारी पाहिलं. सरूबाई सुपारी कातरत होत्या. अडकित्ता मध्येच अडला. त्यांनी तो उजेडात धरला आणि धारेला पडलेली खाच नवऱ्याला दाखवली. 

उन्हाचा चटका वाढला होता. पायऱ्यांवरचा एक दुकानदार मध्येच खाली आला, पाण्याचा ग्लास आप्पासाहेबांना दिला आणि परत आपल्या जागी जाऊन उभा राहिला. त्याला पुढचं चुकवायचं नव्हतं. आप्पासाहेबांनी पाणी पिऊन ग्लास बॉनेटवर ठेवला, तो गरम लागला म्हणून उचलला, आणि ठेवायला दुसरी जागा न मिळाल्यानं हातातच धरून ठेवला.

"मी कापली," ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, दुकानांकडं तोंड करून: "नळी मी कापली. पण लांब होतीच ती."

मोहियोद्दीननं कॅन खाली ठेवला.

"लांब होती, आप्पासाहेब," ते म्हणाले. "ती तेवढीच असते."

त्यांनी तनुजाला खूण केली. दोघं गाडीच्या मागं गेले, आणि ढकलायला वाकले. काका किल्ली मुठीत धरूनच वाकले, त्यामुळं त्यांचा एकच हात कामाला आला. गाडी इंचभर हलली, मग सुटली. आप्पासाहेबांनी एका हातानं चक्र सांभाळलं. दुसऱ्या हातात ग्लास होता, म्हणून गुलमंडीच्या उरलेल्या रस्त्यात त्यांना कोणालाच नमस्कार करता आला नाही.